श्वास सोडत उठायचं

"आधी चहा करू, की आधी शीर्षासन?" आईनं विचारलं.

संस्थेतून पाहणीला आलेल्या बाई अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं छताकडे.

"आई, त्या गंमत बघायला आलेल्या नाहीत," तो म्हणाला. "बाबा होते तोवर ठीक होतं. आता या घरात कसं निभणार, तेवढंच बघायचंय."

"मग बघू दे की. डोळे त्यांचे आहेत, तू कशाला मिटतोस?"

खिडकीपाशी बसलेल्या लेकीनं हातातली प्रुफं मांडीवर ठेवली आणि हसू दाबलं. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. त्यांचं कपाट तिनं अजून कुणाला उघडू दिलं नव्हतं, आणि दादा सामान बांधायच्या गोष्टी करत होता. आज या बाईंनी नकारार्थी मान हलवली, की मायलेकींचं हे घर संपलं.

बाई तशा वाईट नव्हत्या. "आमच्याकडे एक खोली रिकामी झालीय," त्या म्हणाल्या. "खिडकीची. खाली बाग आहे, नर्स आहेत, सोबतीला सगळ्या वयाची माणसं आहेत. शिक्षा नाही हो ती."

"तुम्ही राहता तिथं?" लेकीनं विचारलं.

"नाही. मी संध्याकाळी घरी जाते."

"बघा. घर सगळ्यांनाच लागतं."

बाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्या आईकडे वळल्या. रक्तदाब?

"डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणलीय."

"कंबर?"

"आहे जागेवर."

"रात्री उठावं लागतं?"

"दोनदा तरी."

"म्हणजे झोपेचं खोबरं."

"छे. आडवी झाले की श्वास मोजायला लागते. दहाव्यापर्यंत कधी पोचलेली आठवत नाही."

बाबांची कंबर धरली, त्या वर्षी आईनं साठी उलटल्यावर योगवर्ग लावला होता. साधासुधा नव्हे, अष्टांगाचा. तिथं आसनांचा क्रम ठरलेला, आणि हातातलं आसन साधल्याशिवाय सर पुढचं देत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं, कशासाठी आलात? कुणी झोपेसाठी, कुणी गुडघ्यांसाठी, कुणी सुनेपासून तासभर सुटका म्हणून. आई म्हणाली, "वजनासाठी."

"तुमचं कुठे वाढलंय?" सर हसले होते. आई चटई उलगडायला लागली होती.

पुढे नावासनाशी ती वर्षभर अडकली. होडीसारखं बसायचं, मग तळहात टेकून अख्खं अंग जमिनीवरून वर घ्यायचं. सोबतच्या बायका पुढे निघून गेल्या. ही रोज पहाटे तिथंच. बाबा म्हणायचे, "हिची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत मी म्हातारा होणार." होडी लागली. बाबा मात्र थांबले नाहीत.

आईनं आता चटई पसरली आणि साडी सोडून सलवार घालून आली. सूर्यनमस्कार घातले. मग खुर्ची नसताना खुर्चीत बसावं तशी गुडघे वाकवून उत्कटासनात थांबली. मग होडी. दोन्ही तळहात रोवून तिनं अंग उचललं आणि ते हवेत धरून ठेवलं.

"आई, पुरे."

"मध्येच सोडायचं नसतं," आई तशीच लटकत म्हणाली.

बाई पुढे झुकून बघत होत्या. दादा उठून उभा राहिला.

"चटईवर सगळं ठीक आहे गं. उद्या बाथरूममध्ये कुणी पडलं, तर उचलायला आहे कोण? मी इतका लांब. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो."

आईनं सावकाश अंग खाली आणलं. "अष्टांगात आसन तिसरं येतं, बाळा. त्याच्या आधी, पहिल्याच अंगात, सत्य येतं. तर मला भीती वाटते, असं म्हण. ते खरं आहे. निभत नाही, असं म्हणू नकोस."

"मलाही वाटते भीती," लेक म्हणाली. "पण या घरातून कुणी कुठे जाणार नाही, दादा."

दादा खाली बसला. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आसनं छान झाली," त्या आईला म्हणाल्या. "पण मला बघायचंय ते वेगळंच. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"त्यासाठीच तर शिकले."

आई खिडकीपाशी आली. लेकीच्या मांडीवरची प्रुफं तिनं उचलून पलंगाच्या उशाशी ठेवली.

"हात," ती म्हणाली.

लेकीनं दोन्ही हात तिच्या गळ्यात घातले. आईनं पायानं खुर्चीच्या चाकांना ब्रेक लावला, पावलं रोवली, गुडघे वाकवले, अगदी मघासारखे. तिच्या घशातला तो संथ, घुमणारा श्वास लेकीच्या कानाशी आत गेला, आणि तो सोडत सोडत आई उठली. लेकीचे दोन्ही निर्जीव पाय पायटेकणीवरून सुटले, हवेत वळले आणि जराही न आपटता पलंगावर विसावले.

"खिडकीची खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या," आई म्हणाली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. "माझ्या पोरीला खिडकी आहे."