दोन टोपल्या

"परत ठेव," सेतू केंद्रातल्या बाई म्हणाल्या. मी अंगठा पुसून पुन्हा काचेवर टेकवला. दिवा लालच राहिला. काजू फोडून फोडून टरफलातल्या तेलानं माझ्या बोटांची कातडी जळली होती, आणि ठशाशिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नव्हता.

"बियांना हात लावू नकोस. नवी कातडी आली की ये. महिनाअखेर मुदत आहे."

घरी आईनं माझ्या हाताला खोबरेल चोपडलं, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि माझी काजूबियांची टोपली स्वतःपुढे ओढली. मी मदतीला गेले की हातावर फटका बसायचा.

पंधरवड्यानं बाईंसमोर चिंधी सोडली. हिरवा दिवा लागला! सोबत आलेली आई हसली.

"आता उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईचा अंगठा."

आईनं टेकवला. लाल. पुसून टेकवला. पुन्हा लाल. तिनं हात पदराखाली लपवला.

"मुदत आहे ना अजून?" मी विचारलं.

"आहे थोडी."

मी आईचा हात पदराखालून ओढून काढला आणि तीच चिंधी त्याला गुंडाळली.

"चल घरी. माझा ठसा झालाय. आता दोन्ही टोपल्या माझ्या."