रुंद मॉनिटर

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले खंडेराव रोज दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा एक जुना गेम खेळत बसायचे. हर्षालीनं वडिलांना हौसेनं नवा रुंद मॉनिटर आणून दिला, तर त्यावर सगळं चित्रच ताणलं गेलं. कॉकपिटमधले गोल डायल अंड्यासारखे दिसायला लागले. मग तिनं बरीच खटपट करून गेमच्या फाइलमध्ये स्क्रीनचं माप बदललं. डायल पुन्हा गोल झाले आणि दोन्ही कडांना आधी कधी न दिसलेला भाग दिसू लागला.

खंडेरावांनी विमान वर नेलं. समोर शत्रू आला तरी ते गोळी झाडेनात. नुसते डावीकडे बघत, मग उजवीकडे.

"बाबा, तो मागून मारतोय. लक्ष कुठंय तुमचं?"

"मारू दे गं."

विमान कोसळलं तेव्हा कुठे त्यांनी जॉयस्टिक सोडली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आख्खी नोकरी मी पंख जोडले, पोरी. आम्ही नारळ फोडायचा आणि विमान दुसऱ्यानं न्यायचं. आत बसल्यावर ते पंख कसे दिसतात, ते आज तुझ्यामुळं बघितलं."