नारिंगी जाकीट

वीस वर्षं प्लोव्दिव शहरात बस चालवतोय. ही रिमोटची हातभर गाडी काय अवघड, असं वाटलं होतं. पहिल्याच शर्यतीत ती एकाच वळणावर सहादा उलटली. दर वेळी रिमोट-गाड्यांच्या आमच्या क्लबातले स्तामेनकाका दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत आले, ती सरळ करून ओरडले, “पळवा, ड्रायव्हरसाहेब!” सगळा क्लब हसत होता. मी शेवटचा आलो. काकांनी अंगातलं नारिंगी जाकीट काढून मला दिलं. “आता वळणावर तू. ज्याची शर्यत संपली, त्यानं पुढच्यांच्या गाड्या उचलायच्या.” आणि स्वतःची गाडी घेऊन ते शर्यतीला गेले. मला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. मी गुपचूप पार्किंगकडे सटकलो. डिकी उघडतोय, तोच काकांची हाक आली, “वळणावर कोण आहे रे?” वळून पाहिलं. त्यांची गाडी उलटी पडून चाकं हवेत फिरवत होती. जाकीट माझ्या काखेत होतं.