टिकलीवर नेम

ढवळीकरांची डिस्क आजही साखळ्यांच्या टोपलीअलीकडे गवतातच पडली. डिस्क गोल्फमध्ये ही फेकायची चकती लांबून टोपलीत पाडायची, तर नेम टोपलीच्या पलीकडे धरावा लागतो. बायको, शरयू, होती तोवर ती टोपलीमागे उभी राहायची, पडलेली डिस्क त्यांच्याकडे परत भिरकावायची.

“साखळ्यांकडे बघूच नका. माझ्या टिकलीवर नेम धरा. दिसते ना?”

“दिसते की,” ते बिनदिक्कत खोटं बोलायचे.

आज घरी जाऊन त्यांनी आरशावर राहिलेली तिची टिकली सोडवून आणली, टोपलीमागच्या सुरूच्या खोडावर चिकटवली. मग लांब जाऊन मागच्या पायावरचा भार पुढे झोकला, मनगट झटकलं. टिकली दिसत नव्हतीच. साखळ्या खणखणल्या आणि डिस्क टोपलीत पडली.

ढवळीकर नेहमीसारखा हात पुढे करून उभे राहिले, डिस्क झेलायला.