खिशात मावेल असा नकाशा

"याला मागून कापड लावून द्या," वर्दीतले साहेब म्हणाले, आणि बाईंच्या हातातली सुरी हातातच राहिली.

नकाशाघरात फाटके कागद सांधण्यात बाईंची सगळी नोकरी गेली होती. हाताला कायम खळ, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना चिकटबाई म्हणत. अभ्यासाला नकाशे मागणारे आजवर कितीतरी आले, पण कापड कुणी मागितलं नव्हतं. अभ्यासाचा नकाशा टेबलावर पसरतात. कापड लागतं ते उघड्यावर, वाऱ्यापावसात वापरायच्या नकाशाला.

टेबलावरचा कागद पिवळा पडला होता. सरहद्दीच्या त्या मुलखावरून भांडणं नुकती सुरू झाली होती, तेव्हा कुठल्याशा पलटणीनं पायी हिंडून तो काढलेला. नव्या नकाशांत सरहद्दीच्या रेषेपलीकडे नुसतं पांढरं असे. यात पलीकडच्या पायवाटाही होत्या, आणि निळ्या ठिपक्यांनी दाखवलेल्या विहिरी.

"चौकोन कापून, मधे फट ठेवून कापडावर चिकटवावे लागतात. तरच घडी टिकते," बाई म्हणाल्या. "पण हा एकच आहे, साहेब. छापखान्यातून नक्कल येऊ द्या की आधी."

"तेवढा वेळ नाही." साहेब वयानं लहानच होते, डोळे जागरणानं तांबारलेले. त्यांनी एका खिंडीवर बोट ठेवलं. "फक्त इथून कापू नका. दातपडी अख्खी राहिली पाहिजे."

बाईंनी कागदाकडे पुन्हा बघितलं. ते नाव नकाशात नव्हतंच. ते चौकीवरच्या पोरांनी ठेवलेलं नाव. मागच्या सुट्टीत त्यांचा मुलगा जेवता जेवता हसून म्हणाला होता, "आई, आमच्या चौकीसमोर खिंड आहे, पुढचा दात पडल्यासारखी. आम्ही तिला दातपडी म्हणतो. तिकडं काही होत नाही गं, दिवसभर पत्ते कुटतो."

कोण जाणार ते विचारावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्यांना भीती वाटली.

"आज काही वाळायचं नाही हे," त्या म्हणाल्या. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं. "ओल्याची घडी घातली तर सगळं सुटून येईल. उद्या संध्याकाळी न्या."

एक दिवस तरी. एका दिवसात वरून हुकूम फिरतो, माणसांची मनं फिरतात, काहीही होतं.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते खिंडीपलीकडच्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"मग पोरं नकाशाशिवाय जातील, बाई. जायचं ठरलंय. पाणी कुठं आहे ते ठाऊक नसेल, एवढंच."

खोलीत डोक्यावरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. बाईंनी वर बघितलं.

"पंखा मोठा केला," त्या हळूच म्हणाल्या, "तर दोन तासांत वाळेल."

त्यांनी सुरी पुन्हा उचलली. "घडी केवढी हवी?"

"छातीच्या खिशात मावेल एवढी. थांबा, माप देतो." साहेब मोजपट्टी शोधू लागले.

बाईंनी कागदावर तळहात ठेवला आणि बोटं जरा आत घेतली. मागच्या सुट्टीत मुलाच्या वर्दीच्या त्या खिशाचं तुटलेलं बटण त्यांनीच लावून दिलं होतं, दोरा दुहेरी घेऊन.

"मोजपट्टी राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "वरचं बटण लागेल, एवढीच करते."