ओठांवरचा क्रूस

बारा वाजता मोबाइलमध्ये घंटा वाजली आणि रुचिराने एलिसाच्या हातातून डाव काढून घेतला. पातेलं बडवणं थांबलं.

"शू! मम्मीची प्रार्थना. हाताची घडी, तोंडावर बोट."

पावणेतीन वर्षांची एलिसा सोफा आणि कपाटाच्या मधल्या कोपऱ्यात जाऊन बसली. हाताची घडी, तोंडावर बोट. इतकं शहाणं मूल अख्ख्या नवीन पनवेलमध्ये नव्हतं. फक्त ते बोलत नव्हतं.

म्हणून तर हा सगळा खटाटोप. सेक्टरमधली दीड-दीड वर्षांची पोरं जाहिराती पाठ म्हणत आणि एलिसा साधं 'मम्मी' म्हणत नव्हती. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मुलांचे डॉक्टर म्हणाले, घरात भरपूर बोला आणि थांबा. रुचिरा बी.एस्सी. झालेली, 'थांबा' हे काही औषध नव्हे, एवढं तिला कळत होतं. पुढच्या महिन्यात कॉन्व्हेंटच्या नर्सरीची मुलाखत होती. सिस्टर नाव विचारणार, आणि एलिसा त्यांच्याकडे बघत बसणार. इंटरनेटवर चाळीस पानं वाचून रुचिराने स्वतःला चाळीस आजारांची भीती घालून घेतली आणि मग ती चर्चमधल्या सुमती आंटींच्या हाती लागली.

आंटींना युरोपातली एक जुनी रीत सापडली होती. मध्ययुगात म्हणे तिकडच्या राण्या तळहाताएवढं पुस्तक कमरेला लटकवून हिंडत आणि दिवसातून सात वेळा, ठरलेल्या प्रहरी, मारियामातेच्या छोट्या प्रार्थना म्हणत. आंटींनी तिची मराठी पुस्तिका झेरॉक्स करून वाटली. तेव्हा राण्यांची पोरं कोण सांभाळायचं, ते पुस्तिकेत नव्हतं.

आधी अंगठ्याने ओठांवर छोटा क्रूस काढायचा आणि देवाला म्हणायचं, माझे ओठ उघड. मूळ रीतीत हे फक्त पहाटे. आंटींनी सातही वेळा लावलं. कमी पडायला नको. रुचिरा तोंडाने 'माझे' म्हणायची आणि मनात 'एलिसाचे' धरायची. प्रार्थना झाली की व्हॉट्सॲपच्या गटावर मेणबत्तीचं चित्र टाकायचं. एखादीची मेणबत्ती चुकली तर आंटी रागावत नसत. त्या तिच्या नावापुढे, सगळ्यांच्या देखत, नुसते जोडलेले हात टाकत.

रुचिराची एकही मेणबत्ती चुकली नव्हती.

"देवाला मधे जरा चहा तरी पिऊ देशील का?" निनाद, तिचा नवरा, एकदा म्हणाला. तो न्हावा शेव्याहून दमून यायचा आणि टीव्ही लावायचा.

"तुझ्या त्या टीव्हीनेच माझं लक्ष उडतं."

टीव्ही बंद झाला. मग निनादचे फोन बाल्कनीत गेले. मग मिक्सरच्या वेळा ठरल्या. आंटी एकदा घर बघून गेल्या आणि भारावून म्हणाल्या, "काय गं ही शांती! अगदी मठात आल्यासारखं वाटतं." रुचिराला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

सहाची प्रार्थना मात्र आंटींच्या घरी, सगळ्यांची मिळून. तिथे मुलं चालत नसत. तेवढा वेळ एलिसाला समोरच्या दारात, आसियाकडे सोडावं लागे. आसियाचा नवरा कतारला. तिच्या घरात टीव्ही, शिलाई मशीन आणि तिची चार वर्षांची अरीबा ही तिन्ही एकदम चालत. रुचिराला तो गोंगाट ऐकूनच धडधडायचं. पण दुसरं होतं कोण?

एका संध्याकाळी एलिसाला परत देताना आसिया हसत म्हणाली, "भाभी, काय बडबडते हो तुमची पोरगी! डोकं खाल्लं माझं, माशाल्ला."

रुचिरा "थँक्यू" म्हणाली आणि आपलं दार लावून रडली. मुक्या पोरीची चेष्टा! नऊच्या प्रार्थनेत तिने आसियाला मोठ्या मनाने क्षमा केली, आणि गटावर लिहिलं, 'माझ्या शेजाऱ्यांच्या मनात दया यावी म्हणून प्रार्थना करा.' अकरा मेणबत्त्या आल्या.

प्रार्थनांच्या शंभराव्या दिवशी आंटींना ताप आला. सहाची प्रार्थना आपापल्या घरी करा, असा मेसेज रुचिराला त्यांच्या गेटपाशीच मिळाला. ती घाईघाईने माघारी वळली. जिना चढत असतानाच तिला आसियाच्या घरातून एक खणखणीत आवाज ऐकू आला.

"नाय देणार! माझा बॉल हाय! आसिया खाला, बघ ना, अरीबा देत नाय! मी अब्बूंना फोन करीन कतारला!"

रुचिराला वाटलं, कुणाची तरी पाहुणी पोर. केवढी चुणचुणीत! असते एकेकीची पुण्याई.

तिने अर्धवट उघडं दार ढकललं.

सोफ्यावर कमरेवर हात ठेवून एलिसा उभी होती. घाम आलेला, केस विस्कटलेले, तोंड अजून उघडंच. खाली बॉल पोटाशी धरून अरीबा खिदळत होती.

रुचिराच्या पर्समध्ये सहाची घंटा वाजू लागली.

एलिसाने दाराकडे पाहिलं. ती गुपचूप सोफ्यावरून उतरली. अरीबापुढे जाऊन तिने अंगठ्याने तिच्या ओठांवर एक छोटा क्रूस काढला, कुलूप लावावं तसा, आणि हळू आवाजात तिला बजावलं, "शू! आता नाय बोलायचं. मम्मी आली."