उद्घाटनापुरतं बंद

नसीमने पहिल्यापासून भरायचं ठरवून आतापर्यंत भरलेली नावं पुसून टाकली आणि सर्व्हरच्या सेटिंगला हात घातला. बाराला उद्घाटन होतं. केळी उत्पादक संस्थेचे सेक्रेटरी छगनभाऊ सकाळीच बजावून गेले होते, “तोवर सगळे सभासद मशीनच्या आत. नाहीतर तू बाहेर.” नसीम रोजंदारीवर होती.

मशीन नावं फार हळू घेत होतं. एखादं मूल शुद्धलेखनाची एक ओळ लिहितं, बाईंना दाखवायला धावतं, परत येऊन दुसरी लिहितं. तसं ते प्रत्येक नावामागे डिस्ककडे धावत होतं. नसीमने ती धावपळच बंद केली. आधी सगळं लिही, मग एकदाच दाखव. तोवर नावं मेमरीत राहणार होती, आणि मेमरी फक्त विजेवर जगते.

“आज लाइट जाता कामा नये, भाऊ,” ती म्हणाली.

“दीपनगरच्या वीज केंद्रात ओळख आहे आपली,” छगनभाऊ म्हणाले आणि त्यांनी खरोखरच फोन फिरवला.

नावं भराभर आत जाऊ लागली. लाइट गेली नाही. बाराच्या सुमारास बाहेर जीप थांबली. चेअरमन तोतारामआबा आले होते. महिन्यावर निवडणूक होती, मतदारयादी याच मशीनमधून निघायची होती आणि अर्धे सभासद आबांच्या विरोधात होते. तरी आबा हसतमुख होते.

छगनभाऊंनी मशीनला हार घातला. मग त्यांचं लक्ष लुकलुकणाऱ्या दिव्याकडे गेलं.

“हे चालू कसं?”

“भाऊ, हात लावू नका. अजून सगळं मेमरीतच आहे.”

“मग राहू दे मेमरीत. आबांनी चालू मशीन कसं चालू करायचं?” छगनभाऊंनी बटण खाली केलं.

नारळ फुटला. आबांनी बटण वर केलं. टाळ्या पडल्या. मशीन सावकाश जागं झालं.

“बठ्ठा सभासद दखाड, बेटी,” आबा म्हणाले.

नसीमने सगळे सभासद दाखवायची कळ दाबली. पडद्यावर एकच आकडा आला. शून्य. तिने गुपचूप आपली पिशवी उचलली. छगनभाऊंनी घाम पुसला.

आबांनी चष्मा लावला आणि ते पडद्याजवळ वाकले.

“एकबी मतदार नही?”

“नाही, आबा,” छगनभाऊ कसेबसे म्हणाले.

आबांनी थोडा विचार केला. चेहरा उजळला.

“मंग यंदानी निवडणूक बिनविरोध. या पोरले कायम करी टाका.”